म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडात गाठ दिसली, आता काय करायचं?

राजा अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या खालच्या हिरडीवर, पुढच्या दातांच्या मागे, हरभऱ्याएवढा गुलाबी गोळा आला. लॅब्रॅडॉर आणि गावठी यांचं मिश्रण, रावेरकडच्या आमच्या केळीच्या मळ्यात वाढलेला. एका दवाखान्यात नेलं. तिथे तो गोळा दहा मिनिटांत कापला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि "झालं, आता काळजी नाही" म्हणून सांगितलं. आम्हीही निश्चिंत झालो. अडीच महिन्यांत गोळा त्याच जागी परत आला, या वेळी बोराएवढा, आणि शेजारचे दोन दात हलायला लागले. डब्यात टाकलेला तो तुकडा तपासायला पाठवला असता तर राजाचा बराच त्रास वाचला असता. म्हणून आधीच सांगतो: गाठीचं नाव डोळ्यांनी कळत नाही, बोटांनी कळत नाही, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. आणि नाव कळल्याशिवाय उपचार ठरत नाही.

घरात आठ वर्षांच्या वरचं कुत्रं असेल आणि त्याच्या तोंडात असं काही पहिल्यांदाच दिसलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

हात घालण्याआधी

कुत्र्याची लाळ गळतेय, त्याला गिळता येत नाही, खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, ते अंधारात जाऊन बसतंय किंवा उगाच अंगावर येतंय, असं असेल तर तोंड उघडून बघायला जाऊ नका. रेबीजमध्ये नेमकं हेच होतं आणि घशात काहीतरी अडकलंय असं समजून माणसं हात घालतात. लस वेळच्या वेळी दिलेली नसेल, किंवा अलीकडे भटक्या कुत्र्याने चावा घेतला असेल, तर शंका आणखी गंभीर. बांधून ठेवा, मुलांना लांब करा, डॉक्टरांना फोनवर सगळं सांगा. लाळ तुमच्या जखमेला लागली, दात लागला किंवा ओरखडा आला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

एरवी शांत असणाऱ्या, लस पूर्ण झालेल्या घरच्या कुत्र्याचं तोंड मात्र तुम्हीच बघायला शिकायचं.

आठवड्यातून एकदा, सकाळच्या उजेडात

कुत्रं दुखतंय म्हणून जेवण सोडत नाही. फार उशिरा सोडतं. त्याआधीच्या खुणा बारीक असतात. भाकरीचा तुकडा उचलतं, खाली टाकतं, परत उचलतं. एकाच बाजूने चावतं. पाण्याच्या भांड्यात गुलाबी झाक दिसते. पंज्याने गाल घासतं. एका नाकपुडीतून रक्त येतं किंवा एक डोळा थोडा पुढे आल्यासारखा वाटतो. हे वरच्या जबड्यात मागे काही वाढत असेल तेव्हा होतं. आणि तोंडाचा वास. "वय झालं की वास येतोच" असं आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणत होतो. वयाने वास येत नाही. बहुधा दात सडल्याने येतो, नाहीतर गाठ कुजल्याने येतो.

पहिले तीन-चार दिवस तोंड उघडूच नका. ओसरीवर बसा, कुत्र्याच्या बाजूला बसा, समोर नको. ओठ वर उचला, हिरडी बघा, सोडून द्या, कौतुक करा. तो सरावला की मग एका हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागून धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचे पुढचे दात दाबायचे, तोंड उघडतं. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मोबाईलची बॅटरी धरावी. टाळू बघा, गालाच्या आतली बाजू बघा, घशाशी दोन्ही बाजूंचे टॉन्सिल दिसतात का बघा. जिभेखालची जागा बहुतेकांची राहून जाते. त्यासाठी युक्ती अशी की खालच्या जबड्याच्या दोन हाडांमध्ये, हनुवटीखालच्या मऊ जागेतून अंगठ्याने वर दाबायचं. जीभ आपोआप उचलली जाते आणि खालचं सगळं दिसतं.

काही दिसलं तर बाजूला आगपेटीची काडी धरून फोटो काढा. काडीची लांबी नंतर पट्टीने मोजता येते, त्यावरून गाठीची. फोटोसोबत तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न "कधीपासून आणि किती वाढली?" हाच असतो, आणि "असेल दोन-तीन महिने" या उत्तराचा त्यांना काही उपयोग होत नाही.

मग जबड्याच्या कोपऱ्याखाली, गळ्याच्या सुरुवातीला, दोन्ही बाजूंना चाचपा. लसिकाग्रंथी तिथे असतात. एक बाजू मोठी किंवा दगडासारखी घट्ट लागली तर लिहून ठेवा. शेजारीच लाळग्रंथीही हाताला लागते, ती दोन्हीकडे सारखी असते, घाबरू नका.

सगळंच गाठ नसतं. अनेक कुत्र्यांच्या हिरडीवर, जिभेवर, टाळूवर जन्मापासून काळे डाग असतात. ते सपाट असतात. सपाट डाग उंच झाला, खरबरीत झाला, त्यातून रक्त आलं, तर मात्र ती वेगळी गोष्ट. डोळ्याखाली गालावर आलेली सूज बऱ्याचदा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळातल्या पुवाची असते. जिभेखाली आलेली मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी गाठ लाळग्रंथीची नळी फुटल्याने होते. टाळूवर आडवं अडकलेलं हाड किंवा काटकी तर मी स्वतः दोनदा काढताना पाहिली आहे. आणि गाठ नसताना हिरड्यांतून रक्त येत असेल तर आपल्या भागात आधी गोचीड तापाचा विचार करायचा. गोठ्याशेजारी राहणाऱ्या कुत्र्यांना गोचीड असतातच, त्यातून एर्लिकिया होतो, प्लेटलेट घसरतात आणि नाका-हिरड्यांतून रक्त येतं.

गाठ आहे असं कळलं की

दोन आठवडे अँटिबायोटिक देऊन बघू, हा सल्ला बहुतेकांना मिळतो. पुवाची सूज असेल तर ते ठीक. पण त्या दोन आठवड्यांत गाठ जराही कमी झाली नाही तर तिसरा आठवडा घालवू नका. हळद, तुरटी, चुना, मिसरी यातलं काही लावू नका. वरचा भाग जळतो, आतली गाठ तशीच वाढते, आणि नंतर तुकडा काढला तर त्यात फक्त जळलेलं मांस येतं.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी, बैल, शेळ्या बघतात. लहान प्राण्यांची शस्त्रक्रिया कोण नियमित करतं, हे त्यांनाच मोकळेपणाने विचारा. ते रागवत नाहीत, नाव सांगतात.

तपासण्या साधारण या क्रमाने होतात. रक्ताची पूर्ण तपासणी, त्यात प्लेटलेट आणि गोचीड तापासाठी वेगळी चाचणी. यकृत आणि मूत्रपिंड. छातीचा एक्स-रे, शक्यतो डावी, उजवी आणि उताणी अशा तीन बाजूंनी, कारण तोंडाचा कर्करोग पसरला तर फुप्फुसात जातो आणि एका बाजूच्या फोटोत लहान डाग लपतात. जबड्याचा एक्स-रे भूल देऊनच नीट निघतो. त्यातही हाडाचा बराच भाग खाल्ला गेल्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून "एक्स-रे चांगला आला" म्हणजे हाड सुटलं असं नाही. परवडत असेल आणि मोठ्या शहरात जाणार असाल तर सीटी स्कॅन विचारा, विशेषतः गाठ वरच्या जबड्यात मागे असेल तर.

लसिकाग्रंथीत सुई घालून पेशी काढून बघतात. ग्रंथी नेहमीच्या आकाराची लागली तरी हे करून घ्या. काळ्या कर्करोगात (मेलानोमात) साध्या दिसणाऱ्या ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशी सापडतात.

तुकडा

इथे मी जरा थांबणार आहे.

हिरडीच्या गाठीत नुसती सुई घातली तर अनेकदा रक्तच येतं, पेशी येत नाहीत. म्हणून तुकडा काढावा लागतो, त्याला बायोप्सी म्हणतात. तुकडा तोंडाच्या आतून काढायचा. बाहेरून ओठाची किंवा गालाची कातडी कापून काढायचा नाही, कारण पेशी त्या वाटेवर सांडतात आणि पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ती वाटही कापून काढावी लागते. आणि तुकडा खोल हवा. गाठीचा वरचा थर कुजलेला असतो, त्यात जंतू आणि सूज याशिवाय काही मिळत नाही.

तुकडा ठेवायचा तो दहा टक्के फॉर्मलिनमध्ये. तुकड्याच्या दहापट द्रव, रुंद तोंडाची बाटली. स्पिरिट नको, मिठाचं पाणी नको, कोरडा तर मुळीच नको. बाटलीवर कुत्र्याचं नाव, वय, कोणत्या जबड्याची कोणती बाजू आणि तारीख. बाटली घट्ट बंद करून दोन पिशव्यांत घाला. फॉर्मलिनचा वास डोळ्यांना झोंबतो. ही बाटली प्राण्यांच्या विकृतिशास्त्राकडे, म्हणजे पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या विभागात किंवा प्राण्यांचे नमुने घेणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवायची. रिपोर्टला आठवडा-दहा दिवस धरून चाला.

गोळा पूर्ण कापून काढलाय, अगदी मसूरडाळीएवढा आहे, तरी तो पाठवा. डॉक्टर म्हणाले गरज नाही, तर "पैसे मी देतो, पाठवा" म्हणा.

नाव काय निघालं त्यावर

राजाचं नाव निघालं अकँथोमॅटस अमेलोब्लास्टोमा. दात तयार करणाऱ्या पेशींची ही गाठ. ती शरीरात कुठेही पसरत नाही, पण खालचं हाड पोखरते. वरवर कापली की परत येते, कारण मूळ हाडात असतं. हाडाचा तेवढा भाग, सभोवती सुमारे एक सेंटिमीटर निरोगी कड धरून, काढला की बहुसंख्य कुत्री कायमची बरी होतात. त्याच कुळातली दुसरी एक साधी गाठ आहे, तंतुमय, हिरडीला चिकटलेली, हळू वाढणारी. ती दातासकट काढली की प्रश्न मिटतो. बॉक्सर जातीत हिरडीच फुगून दात झाकते, तीही कर्करोग नव्हे.

मेलानोमा, म्हणजे काळा कर्करोग, हा कुत्र्यांच्या तोंडातला सगळ्यात जास्त आढळणारा घातक कर्करोग. नावात काळा असला तरी साधारण तीनातला एक गुलाबीच असतो, म्हणून रंगावर जाऊ नका. हा लवकर ग्रंथीत आणि फुप्फुसात जातो. दोन सेंटिमीटरच्या आत असताना पूर्ण काढला तर दीड वर्षाच्या आसपासचं आयुष्य मिळाल्याच्या नोंदी आहेत, त्याहून मोठा झाल्यावर हेच पाच-सहा महिन्यांवर येतं, आणि काहीच केलं नाही तर दोन-तीन महिने. आगपेटीच्या काडीचा खटाटोप यासाठीच सांगितला.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हिरडीच्या पुढच्या भागात असेल तर तो सहसा हाडात शिरतो पण उशिरा पसरतो. जबड्याचा भाग काढला तर निकाल चांगला मिळतो. हाच टॉन्सिलवर असेल तर मात्र फार लवकर पसरतो. फायब्रोसार्कोमा मोठ्या कुत्र्यांत, टाळूवर आणि वरच्या जबड्यात जास्त. तो काढलेल्या जागीच परत परत येतो, म्हणून पहिलीच शस्त्रक्रिया मोठी करावी लागते.

आता एक असं नाव, जे आपल्याकडे विसरून चालणार नाही: टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर). भटकी कुत्री जिथे मोकळी फिरतात तिथे हा आजार असतो. कर्करोगाची जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते, मिलनातून, चाटण्या-हुंगण्यातून. बहुतेक वेळा जननेंद्रियावर, पण नाकात आणि तोंडातही होतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, ठिसूळ, हात लावला की रक्त. दिसायला भयंकर, आणि तरीही यातला सगळ्यात सोपा. विनक्रिस्टिन नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री शस्त्रक्रियेशिवाय बरी होतात. प्रत्येक डोसआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस झडतं, म्हणून सराव असलेल्या हातानेच घ्या. पुढचे काही दिवस कुत्र्याची लघवी-शी हातमोजे घालून साफ करा, घरातल्या गरोदर बाईने ते काम करू नये. हा गोळा तपासणीशिवाय बरा न होणारा कर्करोग म्हणून सोडून दिला किंवा जबडा कापला, तर केवढी चूक होईल बघा. तुकड्याचा आग्रह मी त्यासाठीच धरतोय.

कुठे जायचं

जबड्याची शस्त्रक्रिया गल्लीतल्या टेबलावर होत नाही. श्वासनळीत नळी घालून गॅसची भूल, सलाईन, रक्तदाबावर लक्ष ठेवणारं दुसरं माणूस, एवढं हवं. रावेर, मुक्ताईनगर, भुसावळकडच्यांना रेल्वेने अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ पडते. धुळे-शिरपूरकरांना आग्रा रोडने सेंधव्यावरून महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. नंदुरबार, नवापूरकडून तापी रेल्वेमार्गाने सुरत आणि पुढे नवसारीचं महाविद्यालय. चाळीसगाव, जळगावकडून मुंबई; परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. निघण्याआधी फोन करून शस्त्रक्रिया विभागाचे दिवस विचारा आणि सगळे रिपोर्ट, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये घ्या.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसकडे जातो. म्हातारं कुत्रं, तोंडात गाठ, धाप टाकायला त्रास, आणि दुपारची गाडी, हे जीवावर बेतू शकतं. रात्री निघा, पहाटे पोहोचा, पाण्याची बाटली आणि ओलं फडकं जवळ ठेवा. रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधल्या पिंजऱ्यात उन्हाळ्यात पाठवू नका.

शेजारच्या आजींनी आम्हाला विचारलं होतं, "म्हतारं व्हयी गय ते, आते कसाले दवाखाना?" त्यांच्या बोलण्यात मायाच होती. पण वय हा आजार नाही. भूल झेपेल का हे हृदय, मूत्रपिंड आणि रक्त ठरवतं. अकरा वर्षांच्या राजाचे रिपोर्ट चांगले होते, त्याला झेपली. पोमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांत मात्र म्हातारपणी हृदयाची झडप बिघडलेली असते, ती आधी तपासून घ्या.

शस्त्रक्रिया आणि पुढचा महिना

आदल्या रात्री जेवण लवकर द्या, मग उपाशी. पाणी कधी बंद करायचं हे डॉक्टर सांगतील. प्लेटलेट कमी असतील तर आधी गोचीड तापाचा उपचार, मग चाकू.

राजाच्या खालच्या जबड्याचा पुढचा भाग, सुळ्यांसकट, काढला. बघवणार नाही असं मला वाटलं होतं. बाहेर आणला तेव्हा तोंड सुजलेलं, लाळेत रक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वरणात कुस्करलेली भाकरी माझ्या तळहातावरून चाटून खाल्ली आणि शेपूट हलवलं. पुढे जीभ थोडी बाहेर राहायची, पाणी जास्त सांडायचं, एवढाच फरक. तो आणखी दोन वर्षं आणि चार महिने जगला आणि केळीत शिरणाऱ्या डुकरांवर शेवटपर्यंत भुंकला.

दोन ते चार आठवडे मऊ खाणं. ज्वारीची भाकरी वरणात किंवा ताकात भिजवून, मऊ खिचडी, उकडलेलं अंडं, हाड काढलेलं चिकन. लिंबाएवढे गोळे करून द्या, ते पसरट खाण्यापेक्षा सोपे जातात. कांदा-लसूण अजिबात नको, तो कुत्र्यांना विषारी आहे. त्यामुळे आपली फोडणी दिलेली डाळ, शेवभाजी, भरीत हे सगळं बंद. हाडं, काठी, दोरी, चेंडू महिनाभर लपवून ठेवा. गळ्यात कोन असू द्या, पंजा टाक्यांवर मारला की टाके उघडतात.

दुखणं थांबवायला डॉक्टर बहुधा मेलोक्सिकॅम देतात. वजनावर मोजून, खाण्यासोबत, आणि स्टेरॉइडसोबत कधीच नाही. घरातल्या डब्यातलं पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड किंवा यकृत जातं. डायक्लोफिनॅकवर तर भारतात २००६ मध्येच जनावरांसाठी बंदी आली, तीही गिधाडं मेली म्हणून.

पावसाळ्यात माशांकडे लक्ष ठेवा. तोंडाच्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात. कुत्र्याला मच्छरदाणीत झोपवा. अळ्या दिसल्या तर फिनाईल ओतू नका, लगेच दवाखाना.

काढलेला पूर्ण भागही तपासायला जातो. रिपोर्टमध्ये "कड स्वच्छ आहे का" हे विचारा. कडेपर्यंत पेशी असतील तर पुन्हा काढायचं की थांबायचं, हा निर्णय त्याच आठवड्यात घ्या. त्यानंतर महिन्याने आणि मग दर तीन महिन्यांनी तोंड आणि ग्रंथी तपासून घ्या, घातक कर्करोग असेल तर छातीचा एक्स-रेही.

बरं होणार नाही असं कळलं तर

फुप्फुसात पसरलेलं असेल, किंवा गाठ काढता येण्यापलीकडे असेल, तेव्हाही करण्यासारखं बरंच असतं. दुखणं थांबवणारी औषधं वेळेवर, कुजलेल्या भागासाठी अँटिबायोटिक, मऊ खाणं, दिवसातून दोनदा ओल्या कापसाने ओठ आणि हनुवटी पुसणं. कॅलेंडरवर रोज संध्याकाळी एक खूण करा: आज आपणहून जेवला का, उठून दारापर्यंत आला का, रात्री झोपला का. आठवड्यात वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झाले की डॉक्टरांशी शांतपणे झोपवण्याबद्दल बोला. आधी भुलीचं इंजेक्शन देऊन पूर्ण बेशुद्ध करतात, मगच पुढचं. घरी येऊन करतील का ते विचारा. त्याच्या नेहमीच्या जागी, त्याच्या ओळखीच्या माणसांत झालं तर तो घाबरत नाही.

मळ्यात पुरणार असाल तर खड्डा किमान चार फूट खोल घ्या, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, आणि वर मोठे दगड ठेवा. औषधाचा अंश शरीरात राहतो. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर त्यांना विषबाधा होते.